वाचकांचे प्रश्न : सेटिंग्जच्या पडद्यामागे

मागील अंकात या सदरात एक टिपण आले होते. मोबाइल फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीममधील सेटिंग्ज, परवानग्या आणि नेटवर्क या तीन भागांचा कोड वर्षानुवर्षे कसा सांभाळला जातो, हा त्याचा विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. पत्रे जागेअभावी थोडक्यात दिली आहेत. उदाहरणे मुख्यतः अँड्रॉइडची आहेत, कारण त्याचा मूळ कोड कोणालाही उघडून वाचता येतो. आयओएसचा उल्लेख गरजेपुरताच केला आहे.

प्रश्न : फोन अद्ययावत केला की मी मुद्दाम बंद करून ठेवलेल्या एकदोन गोष्टी पुन्हा चालू झालेल्या दिसतात. हे जाणूनबुजून केले जाते, की हा निष्काळजीपणा आहे?

उत्तर : जाणूनबुजून क्वचितच होते. बहुतेक वेळा कोणीतरी एक साधा प्रश्न स्वतःला विचारायला विसरलेला असतो, पण तो प्रश्न समजण्यासाठी आपली निवड नेमकी कुठे लिहिली जाते हे पाहावे लागेल.

आपण पडद्यावरचे बटण सरकवतो तेव्हा सेटिंग्जचे ॲप ती निवड स्वतःजवळ ठेवत नाही. सेटिंग्ज प्रोव्हायडर नावाचा एक घटक आहे, त्याला ते ‘अमुक नावापुढे तमुक मूल्य लिही’ एवढेच कळवते. या घटकाच्या तीन वह्या आहेत असे समजा. ‘सिस्टीम’ वहीत पडद्याचा उजळपणा किंवा रिंगटोन यांसारख्या किरकोळ आवडीनिवडी असतात आणि वापरकर्त्याने खास मुभा दिली तर बाहेरचे ॲपही तिच्यात लिहू शकते. ‘सिक्युअर’ वहीत कोणता कीबोर्ड निवडला, कोणती सुलभता सेवा चालू आहे अशा नाजूक नोंदी असतात, आणि तिथे साध्या ॲपला लिहिता येत नाही. तिसरी ‘ग्लोबल’ वही २०१२ साली अँड्रॉइड ४.२ बरोबर आली. त्या आवृत्तीने टॅबलेटवर एकापेक्षा जास्त वापरकर्त्यांची सोय केली आणि मग काही गोष्टी माणसागणिक वेगळ्या असू शकतात, पण विमान मोडसारख्या गोष्टी साऱ्या यंत्राच्या मिळून एकच असतात, हा भेद करणे भाग पडले. अँड्रॉइड ५.१ पर्यंत या वह्या एका छोट्या डेटाबेसमध्ये होत्या, ६.० पासून प्रत्येक वापरकर्त्यासाठी स्वतंत्र फाइली आल्या.

फाइलीतली एक नोंद जवळून पाहिली तर तीत सेटिंगचे नाव आणि मूल्य असते, आणि ते शेवटी कोणत्या पॅकेजने, म्हणजे कोणत्या ॲपने, लिहिले हेही असते. तक्रार शोधताना हा तिसरा रकाना सोन्याच्या मोलाचा ठरतो. ‘मी हात लावला नव्हता’ असे वापरकर्ता सांगतो तेव्हा कोणी लावला होता हे तिथे दिसते. बटण दाबल्याबरोबर फाइल लिहिली जाते असेही नाही. सुमारे २०० मिलिसेकंद वाट पाहून, तेवढ्यात आणखी बदल आले तर ते एकत्र करून लिहिले जातात, आणि बदलांची रांग संपतच नसेल तर जास्तीत जास्त दोन सेकंदांनी लिहिणे होतेच. लिहिताना मध्येच बॅटरी निघाली तरी जुनी प्रत शाबूत राहावी, अशीही व्यवस्था केलेली असते.

आता अद्ययावत करण्याकडे वळू. या वह्यांना एक आवृत्ती क्रमांक असतो आणि नवी प्रणाली पहिल्यांदा सुरू झाली की जुन्या क्रमांकापासून नव्यापर्यंत एकेक पायरी चढली जाते. एखादा फोन तीन आवृत्त्या ओलांडून थेट नव्या आवृत्तीवर आला तरी त्याला मधली प्रत्येक पायरी चढावीच लागते, म्हणून आठ-दहा वर्षांपूर्वी लिहिलेली पायरीसुद्धा सहसा काढून टाकता येत नाही. सांभाळण्याचे काम जड होते ते इथे.

यातली एक चूक माझ्या हातून झालेली आहे. एका सुविधेचे मूळ मूल्य ‘बंद’ होते, ते नव्या आवृत्तीत ‘चालू’ करायचे ठरले. मी पायरी लिहिली : नोंद शून्य असेल तर एक करा. चाचण्या पार पडल्या. पण शून्य ही नोंद दोन प्रकारच्या लोकांकडे होती. काहींनी त्या पडद्याकडे कधी ढुंकूनही पाहिले नव्हते आणि प्रणालीने पहिल्या दिवशी लिहिलेले शून्य तसेच पडून होते. काहींनी सुविधा चालू करून, पाहून, विचारपूर्वक बंद केली होती. माझ्या पायरीने दोघांना एकाच मापाने मोजले. चूक लक्षात आली तोवर वेळ गेली होती, कारण पायरी चढून झाल्यावर कोणाचे शून्य कोणत्या जातीचे होते हे सांगणारे काहीच फाइलीत उरले नव्हते आणि पुढच्या दुरुस्तीने ते परत आणणे शक्य नव्हते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो : ज्या गोष्टीला माणसाने हात लावलेला नाही, तिची नोंदच करायची नाही. नोंद नसेल तर कोडमधले मूळ मूल्य लागू पडेल, आणि नोंद असेल तर ती माणसाचीच आहे असे धरता येईल. आपल्या फोनमध्ये जे घडले ते बहुधा या प्रकारातलेच असावे. अशा बदलांची यादी करून ठेवा आणि उत्पादकाला कळवा. ‘काहीतरी बदलले’ यापेक्षा ‘अमुक आवृत्तीवरून तमुक आवृत्तीवर येताना हे बटण बदलले’ हे वाक्य दुरुस्ती करणाऱ्याला कितीतरी उपयोगी पडते.

प्रश्न : कॅमेरा, मायक्रोफोन, संपर्क यांसाठी ॲप परवानगी मागते, मग इंटरनेटसाठी का मागत नाही? साध्या विजेरीच्या ॲपला जाळ्यावर जाण्याचे काय काम?

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि परवानग्यांवर काम करणाऱ्यांमध्येही त्यावर एकमत नाही.

इंटरनेटची परवानगी अँड्रॉइडमध्ये पहिल्यापासून आहे. ॲप बनवणाऱ्याने ती आपल्या जाहीरनाम्याच्या फाइलीत लिहिली नाही तर ॲपला जाळ्यावर जाताच येत नाही. मात्र २०१५ साली अँड्रॉइड ६.० ने परवानग्या ॲप बसवताना नव्हे तर वापरताना विचारण्याची पद्धत आणली, तेव्हा परवानग्यांचे ‘धोकादायक’ आणि ‘सामान्य’ असे वर्ग महत्त्वाचे ठरले. धोकादायक वर्गातल्या परवानग्या माणसाला विचारून मिळतात, सामान्य वर्गातल्या ॲप बसवतानाच आपोआप मिळतात. इंटरनेट या दुसऱ्या वर्गात आहे. जवळजवळ प्रत्येक ॲप ती मागते, प्रत्येक वेळी विचारले तर माणसे न वाचता ‘हो’ म्हणायला शिकतील आणि मग कॅमेऱ्याच्या प्रश्नालाही तसेच ‘हो’ म्हणतील, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. तो मला पूर्ण पटत नाही, पण पोकळही वाटत नाही.

या परवानगीची अंमलबजावणी कशी होते हे मात्र सांगण्यासारखे आहे. प्रत्येक ॲपला बसवताना एक क्रमांक मिळतो, त्याला यूआयडी म्हणतात. ॲपांचे क्रमांक १०००० पासून सुरू होतात. फोनवर दुसरा वापरकर्ता किंवा कार्यालयीन प्रोफाइल असेल तर त्या वापरकर्त्याच्या क्रमांकाला एक लाखाने गुणून त्यात ॲपचा क्रमांक मिळवला जातो. म्हणजे १०१२३ क्रमांकाचे ॲप १० क्रमांकाच्या वापरकर्त्याकडे १०१०१२३ होते. कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या लिनक्सवर आधारलेल्या गाभ्याला, ॲपचे नाव, चिन्ह काही ठाऊक नसते, त्याच्या लेखी हा आकडा म्हणजेच ॲप.

पूर्वी इंटरनेटची परवानगी म्हणजे ३००३ क्रमांकाच्या एका लिनक्स गटाचे सदस्यत्व होते. अँड्रॉइडच्या कर्नलमध्ये एक खास पॅच, म्हणजे वरून जोडलेला बदल, असे आणि सॉकेट, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीचे टोक, उघडण्याची विनंती आली की विनंती करणारी प्रक्रिया त्या गटात आहे का, एवढे तो पाहत असे. युक्ती साधी आणि भक्कम होती, पण तिला एक मर्यादा होती. गटाचे सदस्यत्व प्रक्रियेला तिच्या जन्माच्या वेळी मिळते. चालू असलेल्या ॲपची इंटरनेट परवानगी मध्येच काढून घ्यायची तर ती प्रक्रिया मारून नव्याने सुरू करण्यावाचून उपाय नव्हता. पुढे हे काम ईबीपीएफ या कर्नलमध्ये चालणाऱ्या छोट्या कार्यक्रमांकडे आले. आता एका तक्त्यात यूआयडी आणि त्याच्या परवानग्या लिहिलेल्या असतात, सॉकेट उघडताना कर्नल तो तक्ता पाहतो आणि तक्त्यातली नोंद ॲप चालू असतानाही बदलता येते. तक्ता यूआयडीचा आहे हे मात्र विसरू नये. जुन्या पद्धतीने दोन ॲप एकच यूआयडी वाटून घेत असतील तर एकाची परवानगी ती दोघांची परवानगी ठरते. अशी वाटणी २०१९ साली अँड्रॉइड १० पासून त्याज्य ठरवली गेली ती काही अंशी अशा गुंत्यांमुळेच.

मूळ अँड्रॉइडमध्ये इंटरनेट नाकारण्याचे बटण नसले तरी त्याच्या खुल्या कोडवर आधारलेल्या ग्राफीनओएसने ते दिले आहे आणि त्यात एक शहाणपण दिसते. परवानगी नाकारली की सॉकेट उघडताना ‘मनाई’ असा नकार येतो. पण आपल्याला इंटरनेट नाकारले जाईल ही शक्यता ॲप लिहिणाऱ्यांनी कधी गृहीतच धरलेली नसते, त्यामुळे कित्येक ॲप त्या नकाराने कोसळतील. म्हणून तिथे ॲपला ‘नेटवर्क सध्या उपलब्ध नाही’ असे भासवले जाते. नेटवर्क नसण्याची सवय प्रत्येक ॲपला असतेच.

आपल्या विजेरीच्या ॲपबद्दल सांगायचे तर ते काढून टाका. विजेरी आता फोनमध्येच असते.

प्रश्न : ‘नाही’ म्हटल्यावरही काही ॲप पुन्हा विचारतात आणि काही ॲप एकदम विचारायचे बंद होतात. हे कोण ठरवते?

उत्तर : प्रणाली ठरवते, आणि तिच्या दप्तरी ‘नाही’ अनेक प्रकारचे असतात.

दिली किंवा नाही दिली, इतकीच परवानगीची नोंद असते असा समज आहे. प्रत्यक्षात त्या नोंदीला काही खुणा जोडलेल्या असतात : ही निवड माणसाने केली, ही माणसाने कायमची केली, ही संस्थेच्या धोरणाने ठरवली, ही प्रणालीनेच पक्की केली. पहिल्या प्रकारचा ‘नाही’ असेल तर ॲपला पुन्हा विचारता येते. दुसऱ्या प्रकारचा असेल तर ॲपने विनंती केली तरी पडद्यावर काहीच उमटत नाही आणि ॲपला परस्पर नकार कळवला जातो. पूर्वी यासाठी ‘पुन्हा विचारू नका’ अशी चौकट असे. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून दोनदा नकार दिला की प्रणाली तो कायमचा धरते. त्याच आवृत्तीत ‘फक्त या वेळी’ हा तिसरा पर्याय आला, आणि काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढून घेण्याची सोयही आली.

या खुणा सांभाळणे हे कोडचे खरे दुखणे आहे. बॅकअपमधून नवा फोन उभारताना ‘माणसाने कायमचे नाकारले’ ही खूण हरवली, तर नव्या फोनवर तेच ॲप पुन्हा निर्धास्तपणे विचारू लागते. संस्थेने पक्की केलेली निवड माणसाच्या निवडीत मिसळली तर नोकरी सोडल्यावरही ती फोनवर ठाण मांडून बसते. ॲप जुने असेल तर गोष्ट आणखी अवघड. अँड्रॉइड ६.० पूर्वीच्या नियमांना धरून लिहिलेल्या ॲपला नकार ऐकण्याची सवयच नसते. त्याची परवानगी काढून घेतली तरी कागदोपत्री ती दिलेलीच दिसते, पण आतून ॲपऑप्स नावाची दुसरी यंत्रणा त्याच्या हाती रिकामी यादी ठेवते. संपर्क मागितले तर संपर्क नाहीतच असे उत्तर मिळते. हीच यंत्रणा २०१३ साली ४.३ मध्ये एका लपलेल्या पडद्याच्या रूपाने लोकांना सापडली होती आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ४.४.२ ने तो पडदा काढून घेतला. तेव्हा बराच गदारोळ झाला. दोन वर्षांनी नवी परवानगी पद्धत आली तिच्या पायाशी मात्र ॲपऑप्स होतीच. अशी अतिजुनी ॲप आता अँड्रॉइड १४ नव्याने बसवूच देत नाही.

प्रश्न : वाय-फायला जोडलेले असूनही फोन ‘इंटरनेट नाही’ असे सांगतो. त्याला हे कळते कसे?

उत्तर : तो विचारून पाहतो. जोडणी झाली की अँड्रॉइड एका ठरावीक पत्त्यावर छोटी विनंती पाठवतो आणि तिचे उत्तर २०४ या क्रमांकाचे यावे अशी अपेक्षा ठेवतो. ‘विनंती पोचली, पाठवण्यासारखे काही नाही’ असा त्या क्रमांकाचा अर्थ. त्याऐवजी दुसऱ्या पानाकडे वळवणारे उत्तर आले तर वाटेत लॉगिनचे पान आहे असे फोन समजतो आणि ‘नेटवर्कमध्ये साइन इन करा’ अशी सूचना दाखवतो. काहीच उत्तर आले नाही तर नेटवर्क पडताळलेले नाही असे ठरते आणि मोबाइल डेटा उपलब्ध असेल तर फोन तिकडे झुकतो. ॲपलची उपकरणेही अशीच चाचणी करतात. ती एका छोट्या पानावर ‘सक्सेस’ हा शब्द येतो का ते पाहतात.

आपल्या पत्रात ‘घरी चालते, बाहेर चालत नाही’ असा उल्लेख आहे, त्यावरून खाजगी डीएनएसची सेटिंग तपासून पाहावी असे सुचवतो. डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा. ही सोय २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये आली. तिच्या ‘बंद’, ‘आपोआप’ आणि ‘अमुक सर्व्हर’ अशा तीन अवस्था आहेत. आपोआपमध्ये सुरक्षित मार्ग मिळाला तर तो घेतला जातो, नाहीतर साध्या मार्गाने काम चालते. सर्व्हरचे नाव लिहिले असेल तर माघार नाही : तो सर्व्हर गाठता आला नाही तर नेटवर्क असूनही नसल्यासारखेच. काही सार्वजनिक नेटवर्क नेमका हा मार्ग अडवतात. लॉगिनच्या खिडकीपुरती या नियमातून सूट दिलेली असते, नाहीतर लॉगिनच्या पानापर्यंतही पोचता आले नसते.

प्रश्न : ‘व्हीपीएनविना जोडण्या अडवा’ हे बटण चालू असताना खरोखर काहीच बाहेर जात नाही का?

उत्तर : ॲपांच्या बाबतीत हे बटण आपले काम करते. व्हीपीएन म्हणजे फोनची वाहतूक एका सुरक्षित बोगद्यातून नेणारी सोय. नेहमी चालू राहणारे व्हीपीएन आणि त्यासोबतची ही अडवणूक अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्येच आहे. व्हीपीएन तुटले तरी ॲपांची वाहतूक उघड्या मार्गाने जाऊ नये, यासाठी नियम ॲपात न लिहिता खाली नेटवर्कच्या थरात, पुन्हा यूआयडीच्या हिशेबाने लावलेले असतात.

परंतु वर सांगितलेली २०४ ची चाचणी व्हीपीएनच्या बाहेरून जाते, आणि तिने तसे जाणे समजण्यासारखे आहे : खालचे वाय-फाय चालते की नाही हे व्हीपीएनच्या आतून पाहता येत नाही, आणि लॉगिनचे पान ओलांडल्याशिवाय व्हीपीएन जोडलेच जात नाही. २०२२ साली एका व्हीपीएन सेवेने ही बाब जाहीरपणे निदर्शनास आणली, तेव्हा वर्तन अपेक्षितच आहे असे उत्तर मिळाले. तांत्रिक बाजू मला मान्य आहे. माझा आक्षेप बटणाच्या शब्दांना आहे. ‘व्हीपीएनविना जोडण्या अडवा’ हे वाक्य अपवाद सांगत नाही. बटणावरचे शब्द हाही सांभाळण्याच्या कोडचाच भाग आहे आणि वापरकर्ता फक्त तेवढाच भाग वाचतो. आपण कोणत्या नेटवर्कवर आहोत हे कोणालाही कळता कामा नये, इतकी आपली गरज कडक असेल तर या बटणावर विसंबू नका.

प्रश्न : घड्याळ किंवा हेडफोन जोडायला ब्लूटूथ हवे, त्यासाठी ॲप माझे स्थान का विचारत असे?

उत्तर : आसपासच्या वाय-फाय राउटरांची आणि ब्लूटूथ बीकनांची यादी मिळाली की माणूस कुठे आहे हे जीपीएसविनाही बरेच अचूक सांगता येते. हे ध्यानात घेऊन अँड्रॉइड ६.० ने अशी शोधमोहीम स्थानाच्या परवानगीला बांधली, आणि त्याच वेळी फोनचा स्वतःचा वाय-फाय पत्ता विचारणाऱ्या ॲपला ०२:००:००:००:००:०० हा ठोकळेबाज पत्ता देण्यास सुरुवात केली. विचार बरोबर होता, पण माणसाला तो चमत्कारिक वाटला, कारण हेडफोन आणि नकाशा यांचा संबंध त्याला दिसत नव्हता. २०२१ च्या अँड्रॉइड १२ ने ब्लूटूथसाठी ‘जवळची उपकरणे’ अशी वेगळी परवानगी आणली आणि पुढच्या वर्षी १३ ने वाय-फायसाठीही तसेच केले. आपला भूतकाळातला ‘असे’ योग्य आहे; अजूनही स्थान विचारणारे ॲप एकतर जुने आहे किंवा त्याला खरोखरच स्थान हवे आहे.

प्रश्न : संदेश रात्री उशिरा येतात आणि फोन हातात घेतला की एकदम धडाधड येतात. यात नेटवर्कचा दोष की बॅटरीच्या सेटिंगचा?

उत्तर : बॅटरीचा. फोन चार्जरविना, पडदा बंद, स्थिर पडून राहिला की ‘डोझ’ ही अवस्था येते आणि ॲपांचे नेटवर्क अधूनमधून थोडाच वेळ उघडते. यामागे भिंतीसारखे दोन नियमसंच आहेत. डोझच्या संचात ज्यांना मुभा आहे त्यांचीच नावे असतात, बाकी सारे बंद. फार दिवस न वापरलेल्या ॲपांच्या संचात उलट, ज्यांना अडवायचे त्यांचीच नावे. ज्या संदेशांच्या ॲपची आपल्याला निकड आहे, त्याला बॅटरीच्या पडद्यावर ‘अनिर्बंध’ करा, तेवढ्याने भागते.

प्रश्न : मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. अँड्रॉइडच्या खुल्या कोडवर आधारलेल्या एका प्रणालीच्या सांभाळणीत हातभार लावू इच्छिते. परवानग्या आणि नेटवर्कच्या भागात सुरुवात कुठून करावी?

उत्तर : नवी सुविधा लिहिण्यापासून करू नका, मर्ज करण्यापासून, म्हणजे मूळ कोडातले नवे बदल आपल्या कोडात मिसळण्यापासून, करा. ऑगस्ट २०१५ पासून अँड्रॉइडच्या सुरक्षा दुरुस्त्या दर महिन्याला प्रसिद्ध होऊ लागल्या, आणि मूळ कोडात आपले बदल घालून चालवणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला ते बदल नव्या कोडाशी पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. हे काम कंटाळवाणे वाटते, पण कोड कुठून कुठे वाहतो हे त्याच्याइतके कशातूनच कळत नाही.

मर्ज करताना गिट (कोडातले बदल सांभाळणारे साधन) बदल जुळत नाहीत म्हणून ओरडला तर घाबरू नका. ओरडला नाही तर घाबरा. एक उदाहरण देतो. अँड्रॉइड १२ मध्ये नेटवर्कच्या कोडाचा मोठा हिस्सा मूळ फ्रेमवर्कमधून उचलून स्वतंत्रपणे अद्ययावत होऊ शकणाऱ्या एका मॉड्यूलमध्ये नेला गेला. समजा, आपल्या प्रकल्पाने जुन्या ठिकाणी, एखाद्या सहायक फंक्शनात, ‘या यूआयडीला मोबाइल डेटा नाकारला आहे का’ अशी तपासणी घातली होती. ते फंक्शन जुन्या फाइलीत अजून शिल्लक असेल तर आपला पॅच तिथे मुकाट बसतो, बांधणी यशस्वी होते, सेटिंग्जमधले बटण पूर्वीसारखे सरकते, त्याची नोंदही बिनचूक होते. फक्त ते फंक्शन आता कोणी बोलावत नाही. वापरकर्त्याला बटण ‘बंद’ दिसते आणि डेटा वाहत राहतो. हा दोष पडदा पाहून सापडत नाही आणि फाइल वाचूनही सापडत नाही. बटण बंद करून त्या ॲपातून प्रत्यक्ष सॉकेट उघडून पाहिला तरच सापडतो.

म्हणून चाचण्या लिहिताना ‘हो’पेक्षा ‘नाही’च्या चाचण्यांना जास्त वेळ द्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने आयओएस ७.०.६ घाईने प्रसिद्ध केले, त्याचे कारण या संदर्भात अभ्यासण्यासारखे आहे. सुरक्षित जोडणी करताना सर्व्हरची सही पडताळणाऱ्या फंक्शनात ‘गोटू फेल’ (थेट शेवटाकडे उडी घ्या) ही ओळ एकाखाली एक अशी दोनदा आली होती. पहिली ओळ वरच्या अटीच्या ताब्यात होती. दुसरी, महिरपी कंस नसल्यामुळे, कोणाच्याच ताब्यात नव्हती आणि दर वेळी अंमलात येत होती. त्यामुळे शेवटची पडताळणी न करताच फंक्शन बाहेर पडे, आणि तोपर्यंत काही चुकले नसल्यामुळे ‘सर्व ठीक’ असे उत्तर देई. खऱ्या सर्व्हरशी जोडून पाहणाऱ्या चाचण्यांना यात काहीच वावगे दिसले नसते, कारण खरे सर्व्हर पूर्वीसारखेच चालत होते. खोटी सही घेऊन दारावर जाणारी आणि आपल्याला हाकलले जाते की नाही हे पाहणारी एकच चाचणी हा दोष पकडू शकली असती.

सुरुवातीला एकच परवानगी निवडा, समजा मायक्रोफोनची. तिची नोंद कुठे होते, ती काढून घेतली की चालू ॲपचे काय होते, दुसऱ्या वापरकर्त्याकडे ती कशी दिसते, फोन बंद करून चालू केल्यावर टिकते का, बॅकअपमधून परत येते का, हे क्रमाने करून पाहा आणि टिपणे ठेवा. यात पंधरवडा सहज जाईल. आढावा घेणाऱ्या ज्येष्ठांकडे पॅच पाठवताना ‘मी काय बदलले’ यासोबत ‘हे चुकले तर कोणाला काय दिसेल’ हेही एका वाक्यात लिहा. असा पॅच वाचायला मला नेहमीच बरे वाटते.

प्रश्न : विमान मोड चालू केला तरी हेडफोनचे ब्लूटूथ चालूच राहते. हा बिघाड आहे का?

उत्तर : नाही. अँड्रॉइड ११ पासून ब्लूटूथ हेडफोन किंवा श्रवणयंत्र जोडलेले असेल तर विमान मोड ते तोडत नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्या माणसासाठी जुनी पद्धत म्हणजे एका बटणाने कान बंद करण्यासारखीच होती. आपल्याला ब्लूटूथ बंदच हवे असेल तर विमान मोड चालू केल्यावर ते वेगळे बंद करा.